धागा: विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून देतो म्हणणारा पोरगा आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणतोय. करू काय?

अनगोळ_झेरॉक्स · रविवार, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. अनगोळात माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि जमेल तेवढं डीटीपी. जुनी दोन मशीनं होती, गेल्या आठवड्यात सेकंड-हँड तीन डेस्कटॉप घेतले. दोन जरा बरे आहेत, आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरचे. तिसरा चौथ्या जनरेशनचा, स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. तिन्हीवर विंडोज १० चालतंय, पण खाली उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं फिकट अक्षरांत कायम दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, मामा हे काय लिहून आलंय?

आमचा नेहमीचा मेकॅनिक पोरगा म्हणाला, मशीनमागे तीनशे द्या, दहा मिनिटांत काढतो, वर ऑफिस आणि डिझाइनचं कोरल फुकट घालतो. आज पेन ड्राइव्ह घेऊन आला, लावला, आणि म्हणाला, “मामा, आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर ते फाइल खातंय.” तिथं माझा हात थांबला. म्हटलं चहा घे, उद्या बघू.

खरं सांगायचं तर जुनी दोन मशीनंसुद्धा त्यानंच अशी केलेली आहेत. सहा वर्षं झाली, काही झालं नाही. मग आताच भीती का वाटली? मीच विचार केला. पूर्वी त्या मशीनवर लग्नपत्रिका आणि बारशाची कार्डं असायची. आता आधार, पॅन, रेशन कार्ड, पहाणी उतारे, पोरांची मार्क्स कार्डं. कर्नाटकच्या एसएसपी पोर्टलवरच्या स्कॉलरशिपचा सीझन आला की दिवसाला साठ-सत्तर लोकांची कागदपत्रं येतात. व्हॉट्सॲप वेब सकाळी उघडतो ते रात्री शटर ओढतानाच बंद. माझं बँकेचं कामही तिथूनच होतं.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. धोका खरंच आहे, की कंपन्या उगीच भीती घालतात? आणि कायद्यात माझ्यासारखा दुकानदार कुठं बसतो?

कंग्राळीचा_पैलवान · रविवार, रात्री ११.१०

काही होत नाही गा. मी २०१२ पासून वापरूलालोय. विंडोज ७ होतं तेव्हापासून. अख्ख्या बेळगावात पैसे देऊन विंडोज घेतलेला माणूस दाखव, त्याला मी कुंदा चारतो.

अक्षरजुळारी · रविवार, रात्री ११.४८

पैलवान, कुंद्याची गोष्ट नंतर. आधी माझी ऐका.

शहापुरात माझं डीटीपी आहे, वडिलांच्या वेळी खिळे जुळवायचा छापखाना होता. २०२० च्या दिवाळीआधी, लॉकडाऊन सुटून कामं नुकती यायला लागली होती. एका पक्षाच्या वॉर्डातल्या पत्रकांचं आणि दोन दिवाळी अंकांचं काम हातात होतं. फोटोशॉपनं ‘ट्रायल संपली’ म्हणून दार लावलं. मी स्वतःच क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणारी फाइल, शोधला. पहिल्या साइटवर चार बटणं, चारही ‘डाउनलोड’. झिप फाइल उतरली, पासवर्ड १२३४, आत एक सेटअप. अँटीव्हायरस बोंबलला, मी त्याला गप्प केलं. सेटअप चालवला, एक काळी खिडकी लुकलुकली आणि गेली. फोटोशॉप काही उघडलं नाही. म्हटलं फाइल बोगस, जाऊ दे.

मग विंडोज अपडेटची खिडकी आली. ‘थांबा, मशीन बंद करू नका’. मी शहाण्यासारखा चहाला गेलो. ती खिडकी खोटी होती. मी समोर बसून राहावं आणि काही बंद करू नये म्हणून तो पडदा धरलेला होता. परत आलो तर डेस्कटॉपवरच्या सगळ्या चित्रांचे पांढरे कागद झालेले. प्रत्येक फाइलच्या नावामागं चार अक्षरांचं शेपूट. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल. त्यात लिहिलेलं: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर अर्धे, ४९०. खाली ईमेलचे दोन पत्ते आणि माझा ‘पर्सनल आयडी’.

नंतर कळलं की या जातीला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात. २०१८ पासून फिरते आहे आणि तिचा मुख्य रस्ता म्हणजे क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर. मोठ्या कंपन्यांपेक्षा ती तुमच्या-माझ्यासारख्यांनाच गाठते.

आता एक बारकावा, कुणाच्या उपयोगी पडला तर पडो. २०१९ च्या ऑक्टोबरात एम्सिसॉफ्ट कंपनीनं तिच्या १४८ प्रकारांवर फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूपबंद फाइली सोडवणारं टूल, काढला. पण तो सगळ्यांना चालत नाही. फाइलींना कुलूप लावताना व्हायरसला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं असेल, तर प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी, आणि ती फक्त चोराकडं. बोलता आलं नसेल, नेट बंद असेल, तर तो पोटात आणलेली ठरावीक किल्ली वापरतो, आणि ती पुढंमागं सापडू शकते. ओळखायचं कसं? आयडीची शेवटची दोन अक्षरं ‘टी१’ असली तर आशा. मी रात्री दोन वाजता तो आयडी भिंगाखाली धरल्यासारखा वाचला. शेवटी ‘टी१’ नव्हतं.

पैसे दिले नाहीत. तेवढे नव्हतेच. दिवाळी अंकांची पानं मुद्रितशोधकाकडच्या प्रिंटांवरून पुन्हा टाइप केली, मी, बायको आणि मेहुणा, नऊ दिवस. वडिलांचे छापखान्याचे जुने फोटो स्कॅन करून ठेवले होते, ते गेले. मूळ फोटो पुरात आधीच गेलेले.

कंग्राळीचा_पैलवान · रविवार, रात्री ११.५५

वाईट झालं दादा. पण तू क्रॅक नेटवरनं घेतलास. ओळखीच्या मेकॅनिकचा पेन ड्राइव्ह वेगळा.

अक्षरजुळारी · सोमवार, सकाळी ७.१५

त्या मेकॅनिकच्या पेन ड्राइव्हात ती फाइल कुठून आली, पैलवान? येळ्ळूरगडावर उगवली काय?

खडेबाजार_रिपेअर · सोमवार, दुपारी १.२०

मी मेकॅनिक आहे. अनगोळकरांचा तो पोरगा मी नव्हे, पण त्याच्याजागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, म्हणून लिहितोय.

सगळे मेकॅनिकला चोर ठरवून मोकळे होतात. आमची बाजू बघा. गिऱ्हाईक हार्ड डिस्क गेलेलं मशीन आणतं. एसएसडीचे पैसे सांगितले की कसनुसं तोंड करतं. त्यावर ओरिजिनल विंडोजचे पैसे सांगितले तर मशीन उचलून समोरच्या दुकानात जातं, आणि तिथं ते दोनशेत होतं. वीस वर्षांत ‘बिल बनवून द्या, लायसन्सचं घाला’ म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यात दोन बँकांची होती, तीही ऑडिट होतं म्हणून.

आणि दुसरं. अँटीव्हायरस ओरडतो म्हणजे व्हायरसच, असं नसतं. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर या ॲक्टिव्हेट करणाऱ्या टूलला ‘हॅकटूल’ म्हणूनच धरतो, आत दुसरं काही असो वा नसो. कंपनीला ते नको असतं म्हणून धरतो. माझा फोल्डर जुना आहे, शेकडो मशीनांवर चालवलाय. तक्रार आली नाही.

पण अक्षरजुळारींनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, हे कबूल. तो फोल्डर मला दुसऱ्या मेकॅनिकनं दिला. त्याला कुणी, माहीत नाही.

येळ्ळूरची_बंगळुरात · सोमवार, रात्री ९.०५

मी कॉम्प्युटर सिक्युरिटीत काम करते, गाव येळ्ळूर. खडेबाजारदादा प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून बरं वाटलं, नाहीतर अशा धाग्यावर सगळे साधू असतात. तुमचं अर्धं म्हणणं खरं आहे. उरलेलं अर्धं कुठं चुकतं ते सांगते.

आधी हे चालतं कसं. मोठ्या कंपनीत हजार मशीनं असतात, प्रत्येकावर वेगळी लायसन्सची की कोण टाकत बसणार? म्हणून मायक्रोसॉफ्टनं केएमएस नावाची सोय ठेवली. कंपनीच्या आतच एक सर्व्हर, सगळी मशीनं त्याला विचारतात, ‘मी तुमचाच ना?’ तो हो म्हणाला की १८० दिवसांची मुदत मिळते, आणि मशीन दर सात दिवसांनी पुन्हा विचारून ती वाढवत राहतं. निदान २५ मशीनं विचारायला आली, तरच सर्व्हर विंडोजला हो म्हणतो. म्हणजे सोय कुणासाठी आहे हे स्पष्टच आहे.

मेकॅनिकच्या पेन ड्राइव्हातली बहुतेक टूल्स काय करतात? तुमच्याच मशीनमध्ये एक तोतया सर्व्हर बसवतात. तो मान डोलावतो, विंडोज खूश. पण मुदत १८० दिवसांची, म्हणून मुदत संपायच्या आत त्याला पुन्हा पुन्हा उठावं लागतं. एक परका प्रोग्राम, ॲडमिनचे सगळे अधिकार घेऊन, अँटीव्हायरसनं ‘याच्याकडं बघायचं नाही’ असं कबूल केलेला, तुमच्या मशीनमध्ये कायम मुक्कामाला. यात आत चोर असेलच असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की चोराला यापेक्षा चांगली खोली कुणी देणार नाही.

दादा म्हणाले शेकडो मशीनं, तक्रार नाही. इथंच फसगत होते. अक्षरजुळारींना लुटणारा चोर दवंडी पिटणारा होता, त्याला पैसे मागायचे होते म्हणून तो समोर आला. दुसऱ्या जातीचा चोर बोलत नाही. २०२१ च्या डिसेंबरात रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं एक प्रकार मांडला होता. केएमएसपिको नावाच्या ॲक्टिव्हेटरचा इन्स्टॉलर होता, तो खरोखर ॲक्टिव्हेटर बसवायचा, आणि जोडीला क्रिप्टबॉट नावाचा चोर आत सोडायचा. हा ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड, कुकीज, कार्डाची माहिती गोळा करून पाठवतो. कोपऱ्यातला तो फिकट अक्षरांचा वॉटरमार्क गेला, गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश. तक्रार कोण करणार?

म्हणून ‘काम झालं म्हणजे फाइल चांगली’ हा हिशेब सोडा. २०२५ च्या फेब्रुवारीत असाच बनावट केएमएस ॲक्टिव्हेटर युक्रेनमध्ये हेरगिरीसाठी वापरल्याचं संशोधकांनी उघड केलं, आणि त्यामागं रशियाच्या लष्करी हेरखात्याशी जोडलेला सँडवर्म हा गट असल्याचं म्हटलं. अनगोळच्या झेरॉक्समध्ये रशियन येणार नाहीत. पण ज्या दाराचा भरवसा हेरखात्यालाही वाटतो, ते दार किती सैल आहे ते बघा.

अनगोळकाका, आता तुमच्या मशीनांचं. कुणाला काही देण्याआधी एक तपासा. ब्रँडेड मशीन मूळ विंडोज १० सह विकलं गेलं असेल तर त्याची की मदरबोर्डच्या आतच लिहिलेली असते. सेकंड-हँडवाले घाईत सगळ्यांवर एकच ‘प्रो’ आवृत्ती ओततात. आतली की ‘होम’ची असेल तर ती प्रोला लागत नाही, म्हणून वॉटरमार्क. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच इन्स्टॉलर उतरवा आणि बरोबर आवृत्ती घाला, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. एक रुपया लागत नाही. आठव्या जनरेशनच्या दोघांवर विंडोज ११ सुद्धा बसायला हवं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू आहे का बघा.

आणि तुमच्या जुन्या दोन मशीनांवर विंडोज सिक्युरिटी उघडून ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे अँटीव्हायरसनं काय तपासायचं नाही त्याची, यादी बघा. काय दिसतं ते इथं सांगा.

कंग्राळीचा_पैलवान · सोमवार, रात्री ९.३०

ताई, ऑनलाइन पाच-सहाशेला की मिळते, ती घेतली तर?

येळ्ळूरची_बंगळुरात · सोमवार, रात्री ९.४१

टाकल्यावर चालते, हीच तिची खुबी. त्यातल्या पुष्कळ कीज कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक लायसन्समधल्या असतात, एकच की पन्नास जणांना विकलेली. कंपनीनं ती बंद केली की विकणारा गायब. तुमच्या दुकानाच्या नावानं जीएसटी बिल मिळतं का विचारा. तिथंच बोलणं संपतं.

वकीलकाका_टिळकवाडी · मंगळवार, सकाळी ६.४०

पहाटे उठायची सवय, म्हणून वाचून काढलं. कायद्याचा प्रश्न तसाच पडून आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम २(ओ) प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे. कायद्याच्या लेखी विंडोज आणि कादंबरी एकाच कपाटात. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कलम ६३ : जाणूनबुजून हक्कभंग करणारा किंवा त्याला साहाय्य करणारा. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. ‘साहाय्य करणारा’ हे शब्द खडेबाजारवाल्यांनी दोनदा वाचावेत.

कलम ६३-बी हे १९९४ च्या दुरुस्तीनं आलेलं, खास कॉम्प्युटर प्रोग्रामसाठी. इथं प्रत बनवणारा नव्हे, नुसता वापरणारा धरलाय. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड तोच. आता लोक ‘घरी वापरलं तर चालतं’ म्हणतात ते कुठून आलं? या कलमाच्या परंतुकातून. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय, कारणं नोंदवून, तुरुंगवास टाळू शकतं आणि दंड ५० हजारांपर्यंत ठेवू शकतं. म्हणजे चालतं असं नव्हे, शिक्षा हलकी होऊ शकते. आणि अनगोळभाऊ, तुमचं दुकान हा धंदा. ती खिडकी तुमच्यासाठी नाही.

२०१२ ला कलम ६५-ए आलं. संरक्षणासाठी बसवलेलं तांत्रिक कुलूप, हक्कभंगाच्या हेतूनं, चुकवणं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुलूप तोडणाऱ्या टूलला हे लावता येईल असं माझं मत, पण हेतू सिद्ध करावा लागेल.

पोलीस उपनिरीक्षक किंवा वरचा अधिकारी कलम ६४ खाली वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. आणि २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निट प्रो प्रकरणात सांगून टाकलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याआधी यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते.

आता घाबरवणं पुरे. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत घरच्या कॉम्प्युटरवर पोलीस आल्याचं मी पाहिलेलं नाही. कंपन्या धंदेवाल्यांच्या मागं लागतात, आणि बहुतेक वेळा फौजदारीनं नव्हे, दिवाणी नोटिशीनं.

आणि हो, एकानं मला विचारलं होतं, शिनोळीला हद्दीपलीकडं मशीन ठेवलं तर? कायदा केंद्राचा आहे बाबा. आपल्याकडं हा एकच विषय असेल ज्यात सीमेच्या अलीकडं-पलीकडं वाद नाही.

उद्यमबाग_टर्निंग · मंगळवार, दुपारी २.१५

वकीलकाकांच्या नोटिशीवरून आठवलं. शेजारच्या युनिटमध्ये झालं. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), पंप हाउसिंगचं जॉबवर्क, ड्रॉइंग आणि प्रोग्रामिंगसाठी एक मोठ्या कंपनीचं डिझाइन सॉफ्टवेअर, अर्थात क्रॅक. एक दिवस मालकाच्या ईमेलवर पत्र: अमुक तारखांना, अमुक मशीनवर, आमचं सॉफ्टवेअर विनापरवाना इतक्या वेळा उघडलं. मशीनचं नाव पण होतं. त्या मशीनला ऑपरेटरनं आपल्या पोरीचं नाव दिलेलं, ते नाव वकिलाच्या पत्रात! मालक आधी हसला, मग बसला.

ही सॉफ्टवेअरं नेट मिळालं की घरी, म्हणजे आपल्या कंपनीला, फोन करतात, क्रॅक असलं तरी. फोन अडवला म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेवटी त्यानं दोन लायसन्स घेऊन तडजोड केली. किती गेले ते सांगत नाही, पण नवी बोलेरो घेणार होता ती अजून घेतलेली नाही.

आम्ही स्वतः साध्या कामांना फ्रीकॅड हे फुकट डिझाइन सॉफ्टवेअर वापरायला लागलोय. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली, त्याआधी हात लावला की कोसळायचं. आताही क्लिष्ट सरफेसला रडवतं. पण फ्लँज, ब्रॅकेट, जिग यांना काही अडत नाही.

नंदगडची_पोर · मंगळवार, दुपारी ४.००

मी मेकॅनिकलला आहे, सहावी सेम. आम्हाला सीनियर पेन ड्राइव्हच देतात. घ्यायचा नाही काय?

उद्यमबाग_टर्निंग · मंगळवार, दुपारी ४.१२

बाळा, तू विद्यार्थी आहेस तोवर ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं शिक्षणासाठी फुकट मिळतात, कॉलेजचं ओळखपत्र दाखवून, वर्षाला नूतनीकरण. मग पेन ड्राइव्ह कशाला? फक्त त्यावर बाहेरचं पैशाचं ड्रॉइंग करायचं नाही. पास झालीस की आमच्याकडं ये, फ्रीकॅडवर बसवतो.

निपाणी_जमाखर्च · मंगळवार, रात्री ८.३०

निपाणीहून. तंबाखूच्या आणि किराणाच्या व्यापाऱ्यांची वहीखाती बघते. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं कुणीच काढलं नाही, म्हणून मी काढते.

लायसन्स नसलं की टॅली एज्युकेशन मोडमध्ये चालतं, आणि तिथं महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी घेता येतात. एका व्यापाऱ्यानं सगळं वर्ष त्यातच बसवलेलं! महिनाभर धंदा शांत, १ आणि २ तारखेला लाखोंची उलाढाल. मी विचारलं, तर म्हणाले, “अक्का, आमच्याकडं पगाराच्या दिवशीच गिऱ्हाईक येतं.” हसू आवरेना.

क्रॅक टॅलीचं दुखणं वेगळं. ते जुन्या आवृत्तीवर अडकतं, अपडेट घेतलं की क्रॅक उडतो. आणि कायदा तर दरवर्षी अपडेट होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आलं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं. जुन्या क्रॅकमध्ये हे काहीच नाही. मग हातानं पोर्टलवर चढवा, चुका, नोटीस, माझ्याकडं पळत या. वाचवलेले पैसे माझ्या फीमध्ये जातात. मला काय, बरंच आहे.

अक्षरजुळारी · मंगळवार, रात्री ९.२०

एक मनातलं बोलतो, कुणी रागावू नये. नव्वदच्या दशकात क्रॅक नसता तर बेळगावात डीटीपी आलंच नसतं. खिळे जुळवणाऱ्यांच्या पोरांनी चोरीच्या पेजमेकरवर धंदा शिकला, मी त्यातलाच. पैसे देऊन घ्यायला लागलं असतं तर आजही आम्ही शाईत हात घातले असते. गंमत बघा, तेव्हासुद्धा मराठी फॉन्टचं श्री-लिपी मात्र आम्ही विकतच घेतलेलं, कारण त्याला मशीनच्या मागं डाँगल, म्हणजे लायसन्सची खूण असलेला छोटा तुकडा, लावावं लागायचं. डाँगल हरवलं म्हणून एकदा अख्खं दुकान झाडून काढलं होतं, ते वडिलांच्या चंचीत सापडलं.

तेव्हा क्रॅकनं गेलं तर फार तर माझं पत्रक जायचं, मशीन नेटला जोडलेलंच नव्हतं. आज अनगोळकरांच्या मशीनवर अख्ख्या गल्लीचं आधार आहे. तेव्हाचा हिशेब आता लावू नये एवढंच.

अनगोळ_झेरॉक्स · बुधवार, रात्री ११.३५

सगळ्यांचे आभार. आता ऐका.

येळ्ळूरताईंनी सांगितलं तसं जुनं पहिलं मशीन उघडलं. विंडोज सिक्युरिटी, मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्सक्लूजन्स. यादीत एकच ओळ होती. मला वाटलं एखादा फोल्डर असेल. ती ओळ म्हणजे सी ड्राइव्ह. पूर्ण. म्हणजे सहा वर्षं माझा अँटीव्हायरस दारात खुर्ची टाकून बसलेला, आणि घरात बघायचं नाही अशी त्याला शपथ घातलेली. मी दरवर्षी अँटीव्हायरसची हिरवी खूण बघून खूश व्हायचो.

दुसऱ्या मशीनवरही तेच. ती ओळ काढून पूर्ण स्कॅन लावला, जेवून येईपर्यंत सात लाल नावं. त्यातली दोन ‘हॅकटूल’, ती ठीक आहे, कळलं. बाकीची पाच कधी आली आणि काय घेऊन गेली, कोण सांगणार? गेल्या वर्षी माझ्या ईमेलमधून लोकांना विचित्र मेल गेले होते. तेव्हा मी मुलाला ओरडलो होतो, मोबाइलवर गेम डाउनलोड करतोस म्हणून. आज त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, कशाबद्दल?

दुकान दोन दिवस बंद ठेवलं. बँकेचे, ईमेलचे, पोर्टलचे पासवर्ड घरच्या मोबाइलवरून बदलले, दुकानाच्या मशीनवरून नाही. व्हॉट्सॲपमधून सगळी जोडलेली मशीनं काढली. दोन्ही जुन्या डिस्का काढून ठेवल्या. लोकांचे स्कॅन मी काम झाल्यावर पुसत नव्हतो, पुन्हा लागतील म्हणून. एका डिस्कवर चार हजारांवर आधारच्या फाइली निघाल्या.

नव्या तिन्हींचं: दोघांच्या पोटात खरंच होमची की होती. मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉलर घातला, नेट लावलं, वॉटरमार्क गायब. विंडोज ११ पण चढलं. तीनशे गुणिले दोन वाचले.

येळ्ळूरची_बंगळुरात · गुरुवार, सकाळी ८.१०

काका, छान केलंत. पैशांचा काही गैरव्यवहार दिसला तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकतात. आणि सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात लेखी द्या. तक्रार कानडीत लिहून घेतील, सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

खडेबाजार_रिपेअर · गुरुवार, रात्री १०.००

मी पण माझ्या दुकानातलं मशीन बघितलं. सी ड्राइव्ह नाही, पण तो फोल्डर यादीत होता. स्कॅन केलं. काय निघालं ते इथं लिहीत नाही.

पैलवानाचं एक बरोबर आहे, गिऱ्हाईक पैसे देत नाही. पण मदरबोर्डमधली की बघायची हे वीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. आज तीन मशीनं आली, तिन्हींची आधी बघितली. एकाची मिळाली. शंभर रुपये घेतले नुसते बघायचे, आणि गिऱ्हाइकानं दिले.

कंग्राळीचा_पैलवान · गुरुवार, रात्री १०.२२

माझ्या यादीत डी ड्राइव्ह आहे. हे काय असतंय?

येळ्ळूरची_बंगळुरात · गुरुवार, रात्री १०.२५

पैलवानदादा, नेटची वायर काढा आणि मला मेसेज करा.

अनगोळ_झेरॉक्स · शुक्रवार, रात्री ९.५०

तिसऱ्या, चौथ्या जनरेशनवाल्या मशीनवर मागं विंडोज ७ चं स्टिकर आहे. ताई म्हणाल्या त्या कीवर २०२३ च्या सप्टेंबरपासून नवीन विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही, आणि विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम घातली. मुलानं घातलं, मी चहा दिला. लिबरऑफिस मराठीत उघडलं, प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला, स्कॅनरनं मात्र अर्धा दिवस खाल्ला. सरकारी सेवांचं सेवा सिंधू पोर्टल ब्राउझरमध्ये नीट दिसतं.

अडलंय एका ठिकाणी. पंचायतीचे अर्ज कानडीत टाइप करून द्यावे लागतात, आणि माझी बोटं नुडी या कानडी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या की-बोर्डवर बसलेली आहेत. इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीच्या की-बोर्डवर एक ओळ लिहायला दहा मिनिटं गेली, समोरचे आजोबा पेन मागायला लागले. नुडीसारखी बटणं लिनक्सवर मिळतात काय?

अक्षरजुळारी · शुक्रवार, रात्री १०.०५

मिळतात. इनपुट मेथडमध्ये कन्नडखाली ‘केजीपी’ नावाचा लेआउट शोधा, नुडीची बटणं तीच. नाही सापडला तर उद्या अकराला येतो, शहापुराहून कितीसं लांब. कुंदा पैलवानाकडून वसूल करू.

कंग्राळीचा_पैलवान · शुक्रवार, रात्री १०.०९

पैसे देऊन विंडोज घेतलेला माणूस अजून कुणी दाखवला नाही. पण आणतो.